नॅरोबोटचं लायसन्स कुठलं घ्यावं? (आणि हिवाळ्यात पुण्याला जायचं असेल तर?)

काठावरची | ३ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज अडलं म्हणून धागा काढतेय.

आम्ही दोघं इंग्लंडात मिल्टन कीन्सला राहतो. नवरा डिसेंबरात निवृत्त झाला. ग्रँड युनियन कालवा घरापासून दहा मिनिटांवर. अठ्ठावीस वर्षं आम्ही त्याच्या काठानं फिरायला जातो आणि अठ्ठावीस वर्षं नवरा "एक दिवस बोट घेऊ" म्हणतो. तो "कोकणात घर बांधू" असंही म्हणायचा, त्यामुळे मी निर्धास्त होते. तर बोट ठरली. ५० फुटी नॅरोबोट, म्हणजे कालव्यावरची अरुंद, लांबट बोट, रुंदी ६ फूट १० इंच, २००४ सालची, डिझेल इंजिन, आत लाकडं-कोळसा जाळायची शेगडी. पाडव्याला पैसे द्यायचेत.

बेत असा. घर मुलीच्या ताब्यात देऊन मे ते ऑक्टोबर बोटीवर राहायचं. त्यात एकदा थेम्स रिंग करायची, म्हणजे ग्रँड युनियननं खाली लंडन, थेम्सनं वर ऑक्सफर्ड, ऑक्सफर्ड कालव्यानं ब्राउन्स्टन आणि परत घर. सुमारे २४५ मैल. दिवाळी ते फेब्रुवारी मात्र पुणे. सासूबाई ८६ वर्षांच्या आहेत, तिथे तडजोड नाही.

काल लायसन्सचा अर्ज उघडला आणि डोकं गरगरलं. तीन महिने, सहा महिने, वर्ष. 'कालवे आणि नद्या' वेगळं, 'फक्त नद्या' वेगळं, वर 'गोल्ड' म्हणून आणखी एक. मग विचारतात, होम मुरिंग (बोट बांधायची कायमची जागा) आहे का? नाही म्हटलं की पैसे वाढतात. ब्रोकर म्हणतो, "आत्ताच्या मालकाचं लायसन्स ऑक्टोबरपर्यंत आहे, काळजी करू नका." मी काळजी करते. नेमकं काय घ्यावं, आणि पैसे एकदम भरावेत की हप्त्यानं?

मिडलँड्सकर | ३ मार्च, रात्री १०:१५

काठावरची तै, अभिनंदन. आम्ही अकरा वर्षं बोटीवर आहोत, त्यातली नऊ पूर्णवेळ.

सगळ्यात आधी ब्रोकरचं. लायसन्स बोटीबरोबर येत नाही. ते मालकाच्या नावावर असतं, विकणारा उरलेल्या महिन्यांचे पैसे ट्रस्टकडून (म्हणजे कालवे सांभाळणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टकडून) परत मागून घेतो. ज्या दिवशी बोट तुमची, त्या दिवसापासून लायसन्सही तुमचंच हवं. बोटीबरोबर येतं ते सेफ्टी सर्टिफिकेट. ते चार वर्षांचं असतं. कधी संपतंय ते आजच विचारा. दोन महिन्यांत संपणार असेल तर भावात धरा, कारण तपासनीस आला की गॅसची नळी, शेगडीची चिमणी, बॅटरीच्या वायरी असं काही ना काही निघतंच. २०१९ च्या एप्रिलपासून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही सक्तीचा आहे.

आता मुख्य. तुम्ही किंमतीचा तक्ता आधी उघडलात, म्हणून डोकं गरगरलं. तक्ता मिटा. १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याच्या १७ व्या कलमात लायसन्स मिळायला तीनच अटी आहेत: सेफ्टी सर्टिफिकेट, विमा, आणि तिसरी म्हणजे बोटीला कायमची जागा आहे का. जागा नसेल तर बोट खरोखरच प्रवासात असली पाहिजे, आणि एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता कामा नये. परिस्थितीच तशी असेल तर थोडं जास्त चालतं.

आम्ही मराठी बोटवाले या बिनजागेवाल्यांना 'वारकरी' म्हणतो आणि जागावाल्यांना 'घरकरी'. तुम्ही कोण, ते ठरवा. लायसन्स मागून आपोआप ठरेल. मला तरी तुमचा सगळा घोळ त्या 'दिवाळी ते फेब्रुवारी पुणे' या चार शब्दांत दिसतोय.

शंकेखोर | ३ मार्च, रात्री १०:४०

नाशिकहून बाळबोध प्रश्न. हे लायसन्स म्हणजे गाडी चालवायचं असतं तसं? परीक्षा वगैरे?

मिडलँड्सकर | ३ मार्च, रात्री १०:५२

नाही. गंमत तीच आहे. स्वतःची खाजगी बोट इथल्या कालव्यावर हाकायला कुठलीही परीक्षा नाही. १७-१८ टनांचं लोखंडी धूड कालपर्यंत सायकलही न चालवलेल्या माणसाच्या हातात देतात. लायसन्स बोटीचं असतं, माणसाचं नाही. वेगमर्यादा ताशी ४ मैल आहे, म्हणून निभावतं. त्याहून जोरात गेलात तर काठावर बांधलेल्या बोटीतल्या आजींचा चहा सांडतो आणि त्या खिडकीतून हात बाहेर काढून जे बोलतात ती खरी परीक्षा.

युरोपात मात्र कागद लागतो. फ्रान्सला बोट न्यायची तर चालवणाऱ्याकडे प्रमाणपत्र हवं, आणि तिथल्या जलमार्ग खात्याची पावती वेगळी.

मांडवीकाठ | ४ मार्च, सकाळी ७:०५

आमच्या गोव्यात बरोब्बर उलटं. माझे बाबा खनिजाच्या बार्जवर होते, मांडवी-जुवारी आणि मधला कुंभारजुव्याचा कालवा. बार्जची नोंदणी, सर्व्हे हे तर लागतंच, पण तांडेलाला आणि इंजिनवाल्याला स्वतःचं प्रमाणपत्र लागतं. पणजीच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्यात त्यासाठी बाबांनी किती खेपा घातल्या ते आम्ही लहानपणी ऐकत मोठे झालो. आता २०२१ चा नवा अंतर्देशीय जहाज कायदा आलाय, तरी माणसाला प्रमाणपत्र हे तत्त्व तेच. त्या तिन्ही वाटा आता राष्ट्रीय जलमार्ग आहेत: कुंभारजुवा २७, मांडवी ६८, जुवारी १११.

अवांतर: परीक्षा न घेता १७ टन? देव बरें करो.

काठावरची | ४ मार्च, सकाळी ९:३०

मिडलँड्सकर, धन्यवाद. ब्रोकरला विचारलं. "हो हो, तसंच असतं" म्हणाला, जसं काही त्यानंच मला आधी सांगितलं होतं. सेफ्टी सर्टिफिकेट २०२८ पर्यंत आहे, हुश्श.

पण मग आम्ही कोण? सहा महिने फिरणार म्हणजे वारकरी. पण चार महिने बोट एका जागी बांधून पुण्याला जाणार, म्हणजे १४ दिवसांचा नियम मोडणार. मरीनात (बोटी ठेवायच्या भाड्याच्या धक्क्यावर) वर्षभराची जागा घेतली तर घरकरी होऊ, पण मग सहा महिने रिकाम्या जागेचं भाडं भरायचं? इथल्या एका मरीनाचा दर ऐकून नवरा पाच मिनिटं गप्प बसला. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा.

हिशोबनीस | ४ मार्च, दुपारी १:१५

आमची बोट वॉरिकशरमध्ये मरीनात असते, म्हणजे आम्ही घरकरी. जागेचं भाडं लायसन्सहून जास्त असतं, लंडनजवळ तर कित्येक पटींनी. पण त्या भाड्यात वीज आहे, नळ आहे, फाटक आहे, आणि बोट बुडायला लागली तर कुणीतरी फोन करेल ही खात्री आहे. चार महिने साडेचार हजार मैलांवर बसून मला ही खात्री लागतेच.

"मरीनात उभीच आहे तर लायसन्स कशाला" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. बहुतेक मरीनांचा ट्रस्टशी करार असतो, त्यामुळे तिथे नुसती तरंगणाऱ्या बोटीलाही लायसन्स लागतं. क्रेननं उचलून जमिनीवर ठेवलीत तर नाही लागत. रंगकामासाठी बाहेर काढायचीच असेल तर ते महिने तसे वाचवता येतात, पण क्रेनचे पैसे बघता वाचवलं असं फक्त मनाचं समाधान.

लेस्टरची काकू | ४ मार्च, संध्याकाळी ६:२०

अगं, विंटर मुरिंग! कुणीच कसं सांगितलं नाही?

ट्रस्ट दरवर्षी १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ठरावीक जागांचे हिवाळी परवाने विकतो. तेवढे महिने तुम्ही वारकरी असूनही एका जागी राहू शकता. चातुर्मासच म्हण, फक्त थंडीतला. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे १ तारखेला बोट बांधून धनत्रयोदशीच्या आत पुण्यात. शरदात विक्री सुरू होते आणि चांगल्या जागा पटापट जातात, तारखेवर डोळा ठेव.

आता बोट सोडून जाण्याबद्दल, कारण यात आम्ही पोळलोय. पहिल्या वर्षी आम्ही कालव्याऐवजी नदीवर जागा घेतली, सोअरवर, घराजवळ पडते म्हणून. ह्यांनी दोर अगदी ताठ बांधले, "हलायला नको". जानेवारीत पाऊस लागला, नदी एका रात्रीत फुगली. बोट वर उचलली जाणार, तर दोर तिला खाली ओढतायत. एक बाजू कलायला लागली. शेजारच्या बोटीवरच्या पोरानं मध्यरात्री गुडघाभर पाण्यात उभं राहून दोर कापले आणि नवे ढिले बांधले. आम्ही तेव्हा कोथरुडात हुरडा खात होतो. त्या पोराला मी आजही संक्रांतीला तिळगूळ पाठवते. तर हिवाळी जागा कालव्यावरच घे. तिथे पाण्याची पातळी धरणाच्या हौदासारखी राखलेली असते.

जाताना टाक्या, नळ, पंप, गिझर सगळं पाणी काढून टाक. आत गोठलं की तांब्याचे पाइप फुटतात. विम्याचे कागद नीट वाच. बऱ्याच पॉलिसींत थंडीत रिकाम्या बोटीचं पाणी उपसलेलं नसेल तर भरपाई नाही असं लिहिलेलं असतं. आणि मुलीला पंधरा दिवसांनी एक चक्कर मारायला सांग.

वारकरी नंबर एक | ४ मार्च, रात्री ११:०५

काकू, दंडवत.

मी लंडनात चार वर्षं बोटीवर आहे, भाडं परवडत नाही म्हणून. 'होम मुरिंग नाही' वर टिक केली की पैसे का वाढतात, ते धागाकर्तीला कुणी सांगितलं नाही, मी सांगतो. २०२४ च्या एप्रिलपासून ट्रस्टनं आमच्यावर अधिभार लावलाय. पहिल्या वर्षी ५ टक्के, मग दर एप्रिलला आणखी ५, असं करत २०२८ मध्ये २५ टक्क्यांवर नेणार असं जाहीर केलंय. आणि हे मूळ दर महागाईपेक्षा जास्त वाढतायत त्याच्यावर. एकच पाणी, एकच लॉक (बोट वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे कालव्याचे दरवाजे), पण माझ्याकडे खुंटी नाही म्हणून मी जास्त द्यायचं. घर नसलेल्या माणसाला घर नसल्याचा कर.

हिशोबनीस | ५ मार्च, सकाळी ८:४०

बाजू कळते, पण दुसरीही मांडतो. तुम्ही रोज काठावरचा नळ, कचराकुंडी, संडास रिकामा करायची जागा वापरता. माझी बोट वर्षातले दहा महिने मरीनात झोपलेली असते आणि तरी मी पूर्ण लायसन्स भरतो. शिवाय माझ्या मरीनाच्या भाड्यातूनही ट्रस्टला वाटा जातो. मग जास्त वापरणाऱ्यानं थोडं जास्त दिलं तर अन्याय कसा?

वारकरी नंबर एक | ५ मार्च, सकाळी ९:१०

वापरावर लावायचा तर वापर मोजा. लॉक मोजा, मैल मोजा. दरवर्षी उन्हाळी सहली करणारा घरकरी माझ्यापेक्षा जास्त लॉक उघडतो. इथे मोजमाप एकच: जागा आहे की नाही. आणि कायद्यातली तिसरी अट हा पर्याय आहे, गुन्हा नव्हे, मग त्याला दंडासारखा दर का?

मिडलँड्सकर | ५ मार्च, दुपारी १२:३०

दोघंही बरोबर आहात आणि दोघांनाही पैसे भरायचेतच. मूळ दुखणं वेगळं आहे. २०१२ च्या जुलैत सरकारनं ब्रिटिश वॉटरवेज बंद करून इंग्लंड-वेल्सचे सुमारे २,००० मैल जलमार्ग या धर्मादाय ट्रस्टकडे दिले, सोबत वार्षिक अनुदान. २०२३ मध्ये सांगितलं की २०२७ पासून पुढची दहा वर्षं ते दरवर्षी ५ टक्क्यांनी घटेल. दोनशे-अडीचशे वर्षं जुने बांध, बोगदे, दरवाजे. पैसा कुठून आणणार? सुमारे ३५ हजार बोटवाले समोर दिसतात, त्यांच्याकडून. टोपाथवर (कालव्याकाठच्या पायवाटेवर) फुकट धावणारे, कुत्री फिरवणारे लाखो, त्यांना कसा लावणार?

मला अधिभार पटत नाही, पण त्यासाठी लायसन्स बुडवणं त्याहून पटत नाही. बिनलायसन्स बोट उचलून न्यायचा अधिकार त्यांना १९८३ च्या कायद्यानं आहे. बोट हेच घर असलेल्या माणसाची अशी वेळ मी पाहिलीय.

(भांडण इथेच थांबवूया, नाहीतर धागा दुसऱ्या विभागात हलवतील.)

टोपाथवरचा | ५ मार्च, संध्याकाळी ७:४५

तै, वारकरी व्हायचं ठरवलंत तर एक धडा माझ्याकडून घ्या, माझ्या स्वतःच्या आगाऊपणाचा. पहिल्या वर्षी १४ दिवस बरोबर पाळले. दर तेराव्या दिवशी बोट सोडायची आणि दोन मैलांवर बांधायची, पुढच्या वेळी परत आधीच्या जागी. ऑफिस तिथेच होतं ना. स्वतःला फार हुशार समजत होतो. नऊ महिन्यांनी पत्र आलं: तुमचा वावर फारच थोड्या टापूत आहे, पुढचं लायसन्स सहाच महिन्यांचं मिळेल, तेवढ्यात सुधारा.

टोपाथवरून ट्रस्टची माणसं फिरत असतात, बोटीच्या दोन्ही बाजूंना लावलेला नंबर आणि जागा टिपून घेतात. कायद्यात मैलांचा आकडा नाही, पण वर्षभरात १५-२० मैलांपेक्षा कमी टापूत राहणाऱ्याला 'खरा प्रवासी' मानणं अवघड, असं ट्रस्टनं सांगून ठेवलंय. देवळाला प्रदक्षिणा घातल्या म्हणजे वारी होत नाही. तुम्ही थेम्स रिंग करणार, तुम्हाला प्रश्नच नाही. तरी एक वही ठेवा. तारीख आणि जागा, बास.

आणि इंजिन बिघडलं, आजारपण आलं तर १४ दिवस संपायच्या आधी कळवा. कळवलं की बहुतेक वेळा मुदत वाढते, गप्प राहिलं की नोंद होते. गुडघे, पाठ असं कायमचं दुखणं असेल तर २०१० च्या समानता कायद्याखाली नियमात सवलत मागता येते, ती लेखी मागा.

काठावरची | ६ मार्च, सकाळी १०:१०

गुडघे माझे आहेत आणि लॉक उघडायचं काम माझ्याकडे आलंय, कारण "सुकाणूला अनुभव लागतो". कुणाचा अनुभव विचारलं तर उत्तर नाही.

म्हणजे वारकरी + विंटर मुरिंग जमतंय असं वाटतंय. आता 'गोल्ड'चं सांगा. नवऱ्याला नावामुळेच ते हवंय.

पाणकोंबडी | ६ मार्च, दुपारी २:००

गोल्डवर मी बोलते, कारण आम्ही दोन वर्षं घेतलं आणि सोडलं.

साधं १२ महिन्यांचं लायसन्स ट्रस्टच्या पाण्यापुरतं. पण सगळं पाणी ट्रस्टचं नाही. टेडिंग्टनच्या वरची थेम्स, नेन, ग्रेट ऊज, मेडवे ही एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेची. वे नदी नॅशनल ट्रस्टची. नॉरफोकचे ब्रॉड्स त्यांच्या प्राधिकरणाचे. मँचेस्टरकडचा ब्रिजवॉटर कालवा खाजगी कंपनीचा, तिथे ट्रस्टच्या लायसन्सवर आठवडाभर जाता येतं. स्कॉटलंडचं सगळंच वेगळं. आपल्याकडे एका रस्त्यावर महापालिका, पीडब्ल्यूडी आणि कँटोन्मेंट भेटतात, तसंच.

गोल्ड म्हणजे ट्रस्ट आणि एजन्सी या दोघांचं मिळून एक. पण ते जानेवारी ते डिसेंबर या वर्षाला बांधलेलं असतं. तुम्ही मेमध्ये पाण्यात उतरणार आणि नोव्हेंबरात बोट बांधणार. वर्षातून दोन-तीन आठवडे थेम्सवर जायला गोल्ड म्हणजे एका पुरणपोळीसाठी पुरणयंत्र विकत घेतल्यासारखं. त्यापेक्षा ट्रस्टचं वर्षाचं घ्या आणि थेम्सवर असाल तेवढ्या दिवसांचं एजन्सीचं पाहुणं लायसन्स. पुढे कधी उन्हाळाभर थेम्सवर लोळायचं ठरलं किंवा नॉर्थॅम्प्टनहून नेनमध्ये उतरून पूर्वेकडे जायचं ठरलं, तर गोल्ड.

पण पाहुण्या लायसन्सचे दिवस मोजताना चार दिवस जास्त धरा. थेम्सला पाऊस झाला की लॉकवर पिवळ्या, मग लाल पाट्या लागतात: प्रवाह जोरात आहे, निघू नका. आम्ही हेन्लीजवळ सहा दिवस अडकलो होतो. प्रवाह उतरेपर्यंत लायसन्सची मुदत संपत आली. फोन करून वाढवलं, जमलं, पण जीव टांगणीला.

'फक्त नद्या' तुम्हाला नको. ते स्वस्त आहे, साध्याच्या ६० टक्के, पण ग्रँड युनियनमध्ये पाऊल टाकलं की उपयोग शून्य.

मिडलँड्सकर | ६ मार्च, दुपारी ३:२०

पाणकोंबडीला अनुमोदन. दिशेबद्दल भर: लंडनकडून वर जाताना ब्रेंटफर्डला कालवा संपतो आणि टेडिंग्टनपर्यंतची पाचेक मैल थेम्स भरती-ओहोटीची आहे. तो टापू लंडनच्या बंदर प्राधिकरणाच्या अखत्यारीत. ब्रेंटफर्डचं लॉक आधी बुक करावं लागतं, भरतीबरोबर वर चढायचं. पहिल्या वर्षी उलटं करा, ऑक्सफर्डहून थेम्समध्ये उतरून प्रवाहाबरोबर खाली या, असं काही जण सांगतील. मी सांगेन वर चढा. प्रवाहाविरुद्ध बोट हळू चालते पण सुकाणू ऐकते. नांगर ठेवा, इंजिन बंद पडलं तर नदीत तोच ब्रेक.

रुंद बोटीचा मालक | ६ मार्च, रात्री ९:००

धागा वाचून रडू येतंय. मी ५७ बाय १० घेतली, "आत अगदी फ्लॅटसारखं वाटतं" म्हणून. ७ फूट १ इंचापेक्षा रुंद की लायसन्सला वेगळा अधिभार, वारकरी असाल तर दोन्ही. आणि घेतल्यावर कळलं की बर्मिंगहॅमकडची लॉकं ७ फुटांची आहेत. कळलं म्हणजे, बायकोनं विचारलं, "मग आपण बर्मिंगहॅमला कसं जायचं?" ट्रकवर टाकून, असं उत्तर आहे. तुमची ६ फूट १० इंच आहे, देवाला साखर ठेवा.

नदीवेडी | ७ मार्च, सकाळी ११:३०

माझ्याकडे फक्त फुगवायची कयाक आहे. मला नाही ना लागत काही?

लेस्टरची काकू | ७ मार्च, सकाळी ११:५०

लागतं गं. वल्ह्याची बोट, कयाक, उभं राहून वल्हवायची फळी, सगळ्याला. पण सुटं घेऊ नकोस. पॅडल यूकेची वार्षिक मेंबरशिप घे, त्यात ट्रस्टचं आणि एजन्सीचं लायसन्स येतं, शिवाय विमा. आणि मासे धरायची काठी टाकलीस तर तिचं वेगळं लायसन्स. बोटीवर टीव्ही बघितलास तर त्याचंही! या देशात नुसतं बसून पाण्याकडे बघायला अजून लागत नाही.

हिशोबनीस | ७ मार्च, दुपारी ४:१०

पैसे कसे भरावेत हे राहिलंच. एकरकमी किंवा डायरेक्ट डेबिटनं हप्त्यानं. एकरकमी भरणाऱ्याला पूर्वी १० टक्के सूट होती, ती आक्रसत गेलीय, त्यामुळे आता मी सुटीसाठी जीव टाकत नाही. हप्त्याचा हेतू वेगळा: पहिल्या वर्षी बोट सारखी पैसे मागते. बॅटऱ्या, दोर, खालचा काळा रंग, शेगडीची काच. हातात रोकड असलेली बरी. फक्त तुम्ही पुण्यात असताना ज्या खात्यातून हप्ता जातो त्यात शिल्लक ठेवा, तिथून बँकेशी फोनवर भांडणं नको.

आणि तीन किंवा सहा महिन्यांचं घेऊन वाचवू असा मोह होईल. मे ते ऑक्टोबर सहाच महिने. पण हिवाळ्यात बोट पाण्यातच राहणार, तेव्हाही लायसन्स हवंच. तुकडे जोडून वर्षाहून महाग पडतं.

कालवा बंद पडला तर पैसे परत मिळत नाहीत, हेही धरून चाला. २०२५ च्या उन्हाळ्यात पावसाअभावी लीड्स-लिव्हरपूल कालव्याचा मोठा भाग बंद होता. त्याच वर्षी १ जानेवारीला पुरात ब्रिजवॉटरचा बांध डनहॅम मॅसीजवळ फुटला आणि चेशर रिंग तुटली. निघायच्या आधी बंदच्या सूचना बघा, विशेषतः ऑक्सफर्ड कालव्याच्या माथ्यावरच्या, म्हणजे सगळ्यात उंच टापूतल्या. कोरड्या उन्हाळ्यात तिथे पाण्याची ओढ असते.

काठावरची | २० मार्च, रात्री ८:३०

अपडेट. काल पाडव्याला बोट आमची झाली. टिलरला (सुकाणूच्या दांड्याला) आंब्याची डहाळी मिळाली नाही, कडुलिंब तर नाहीच, मुलीनं बागेतल्या लॉरेलची बांधली. गुढी छतावर उभी केली, तर पहिल्याच पुलाखाली तांब्या काढून ठेवायला लागला.

लायसन्स: ट्रस्टचं १२ महिन्यांचं, कालवे आणि नद्या, कालपासून. होम मुरिंग नाही, म्हणजे वारकरी. अधिभार निमूट भरला (वारकरी नंबर एक, तुमची आठवण काढली). हप्ते डायरेक्ट डेबिटनं. नवऱ्याला एकरकमीच भरायचं होतं, त्याला बॅटऱ्यांचा भाव दाखवला. गोल्ड नाही. थेम्सचं पाहुणं लायसन्स जूनमध्ये, चार दिवस जास्तीचे धरून. विंटर मुरिंगसाठी सप्टेंबरपासून डोळा ठेवणार, मुलीच्या घरापासून चालत जाता येईल अशी ग्रँड युनियनवरचीच जागा मिळाली तर उत्तम. नाहीच मिळाली तर चार महिने मरीना, त्याचे पैसे आजच बाजूला काढून ठेवले.

सासूबाईंना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण गाडी चालवायला येत नाही त्याला, बोट कशी दिली?"

नंबराच्या पाट्या लावून झाल्या. उद्या पहिलं लॉक, फेनी स्ट्रॅटफर्डचं. सगळे म्हणतात फक्त फूटभर चढाचं आहे, लाजेकाजेस्तव असलेलं. विंडलास (लॉक उघडायचं हँडल) एकच मिळालाय बोटीबरोबर.

टोपाथवरचा | २० मार्च, रात्री ८:४१

अजून दोन घ्या. एक उद्याच पाण्यात पडेल.

लेस्टरची काकू | २० मार्च, रात्री ८:५५

आणि दोरीला बांधलेलं मोठं लोहचुंबक. दुसरा पडेल तेव्हा.